पंचवीस आणि एक

माझं नाव वॉशिंग्टन. हसू नका,
मोन्तेविदेओत एका पिढीच्या बापांना असलीच नावं सुचायची.
चाळीस वर्षं दुसऱ्यांची चित्रं छापतोय.
स्वतः कधी रेघ ओढली नाही,
किराणाच्या यादीतली खाडाखोड सोडली तर.

नेलिदा बिदार्तबाई जुलैत आल्या, ऐन थंडीत,
तांब्याचा पत्रा काखेत,
पावासारखा वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
उघडला. वर एक चौकोन.
खाली एक आडवी रेघ.
दोघांच्या मध्ये तीन मिलिमीटर काहीच नाही.

‘एवढंच?’ असं मी म्हणालो नाही,
पण भुवईला कोण आवरणार.
‘एवढंच,’ त्या म्हणाल्या. ‘पंचवीस प्रती.
सव्वीस नकोत.’

कागद रात्रभर ओला ठेवायचा, सकाळी टिपायचा.
पत्र्यात शाई भरायची, मग पुसायची,
आधी जाळीच्या कापडानं, मग तळहाताच्या कडेनं,
जेवण झाल्यावर टेबलावरचा पावाचा चुरा
ओढून घेतात तसं.
चौकोन भरणं सोपं.
मधलं रिकामं रिकामं राखताना घाम फुटतो.
त्या तीन मिलिमीटरवर
मी रोज तीन चिंध्या खर्ची घातल्या.

अकरावी प्रत निघाली तेव्हा पांपेरो सुटला होता.
हवा कोरडी पडली, कागद आखडला.
बाई खिडकीशी, हातात माते, पाठ माझ्याकडे.
वळल्या, आणि तिथूनच म्हणाल्या,
‘ही दोघं जवळ आलीत.’
पट्टी लावली. तीळभर कमी.
‘बाई, हे कुणाला दिसणार?’
‘दिसलं ना.’

फाडली. ओला कागद फाटताना आवाज करत नाही,
नुसता सुटतो.

वडील गवंडी होते, हे त्यांनी एकदाच सांगितलं.
ओळंबा झुलायचा थांबेपर्यंत कुणी बोलायचं नाही,
हा घरातला कायदा.
मला वाटलं, धागा सापडला.
सुतावरून स्वर्ग गाठायला असा कितीसा वेळ:
चौकोन म्हणजे घर, रेघ म्हणजे आपली ही नदी,
आणि पलीकडच्या काठावर कुणीतरी
‘वॉशिंग्टन,’ त्या म्हणाल्या,
‘चौकोन म्हणजे चौकोन.
पाणी तापलंय का बघ.’

सह्या एका दुपारी उरकल्या.
खाली डावीकडे आकडा, उजवीकडे नाव.
पंचविसावीवर पेन्सिलीचं टोक मोडलं.
चाकूनं तासून घेतलं त्यांनी, सावकाश,
जणू पुढे अजून शंभर आहेत.

मग रिवाज. प्रती संपल्या की पत्रा मारायचा,
पुन्हा कुणी छापू नये म्हणून.
लोक फुली मारतात, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत,
काही जण तर अशा त्वेषानं
की पत्र्यानंच पैसे बुडवलेत.
मी सुई पुढे केली.
बाईंनी चष्मा काढला.
टोक रेघेच्या मधोमध टेकवलं
आणि वर ओढलं, पट्टीशिवाय,
चौकोनाला लागेपर्यंत.

झालं. मेला पत्रा.

पुरावा म्हणून त्याचा एक ठसा काढावा लागतो.
त्यावर आकडा नसतो, सही नसते, किंमत नसते.
मी चाक फिरवलं, कागद उचलला.
बाकी सगळं होतं तसंच काटेकोर,
फक्त त्या छोट्या उभ्या रेघेला लव आलेली,
सुईनं तांबं उचललं होतं तिथे शाई धरून बसलेली,
मऊ, काळी, कडा नसलेली.
आम्ही दोघं बघत राहिलो.
माते गार झालं.

‘हा तुझ्याकडे राहू दे,’ त्या म्हणाल्या. ‘विकू नकोस.’
‘घेतंय कोण,’ मी म्हणालो.

पंचवीस गेल्या. एक दाताच्या डॉक्टरकडे आहे,
एक कुठल्याशा बँकेत, लिफ्टच्या समोर.
बाकीच्यांचा मला पत्ता नाही.
हा एक शाईच्या कपाटात आहे, दाराला आतून लावलेला.
दार उघडलं की दिसतो.
दिवसातून बऱ्याचदा उघडतो मी ते,
शाई लागत नसली तरी.